ओट्याला टेकलेली गाडी

विनोद अण्णांच्या पिकअपमध्ये आडवा पडला होता. पाय दाराबाहेर, डोकं क्लचपाशी, तोंडात टॉर्च. डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढा ट्रॅकर लटकत होता. गाडी कुठे आहे ते फोनवर दाखवणारं यंत्र. दोन महिन्यांपूर्वी त्यानेच बसवलेलं.

"मिळाला काय चोर?" अण्णांनी बाहेरून विचारलं.

टॉर्चमुळे विनोदला बोलता आलं नाय. बरंच झालं. सांगण्यासारखं काय नव्हतंच.

विनोद मूळचा डोंगराकडचा. बाप कामाला खाली उतरला म्हणून हा वाढला आमच्या पाम गावात. नववीत शाळा सोडली. सरांनी कारण विचारलं तर म्हणाला, बसून बसून पाय दुखतात. मग बोईसरला ट्रकच्या वायरिंगवाल्याकडे लागला. हिंदी तिथेच शिकला, सुरुवात शिव्यांपासून. आता तिथल्याच शैलेशशेठच्या दुकानात ट्रॅकर बसवतो. टँकर, कंपनीच्या बस, मासळीचे टेम्पो, काय येईल ते. वायर जोडून झाली की तिच्यावरून एकदा हात फिरवतो, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्याला कामचोर म्हणायचं असेल त्याने आधी आमच्याशी बोलावं.

अण्णा मात्र तेच म्हणत होते. त्यांची पालघरजवळच्या माहीमला पानाची वाडी. सोमवारी आणि गुरुवारी पानांच्या करंड्या गाडीत घालून पालघर स्टेशनला न्यायच्या. गुरुवारची फेरी झाली की गाडी सोमवारपर्यंत उभी. आणि मागचे दोन सोमवार सेल्फ मारला की गाडी नुसती टिकटिक करायची. बॅटरी ठार. दुसऱ्या सोमवारी ट्रेन चुकली आणि पानं पिवळी पडली.

विनोदच्या शब्दावर अण्णांनी भाऊबंदांच्या आणखी सहा गाड्यांना ट्रॅकर लावून घेतले होते. आता ते शैलेशशेठला म्हणाले, "येत्या सोमवारी गाडी चालू नाय झाली तर साताच्या सात उपटून तुज्या दुकानात टाकीन." शेठ विनोदला म्हणाला, "मग त्यांच्यासोबत तूपण घरी जा."

आज शनिवार होता.

विनोद उठून बसला. "अण्णा, इग्निशनची वायर बरोबर हाय. चावी काढली की यंत्राने झोपायला पायजे."

"मग झोपत का नाय?"

"कोणीतरी उठवतंय."

"माज्या गाडीत कोण येतंय त्याला उठवायला? भूत?"

विनोदने फोनवर नोंदी काढल्या. चावी काढल्यावर यंत्र झोपलेलं दिसत होतं. मग मध्येच जागं व्हायचं आणि तासन् तास दर दहा सेकंदाला जागा कळवत बसायचं. बॅटरी तीन वर्षांची म्हातारी, आणि माहीम-पालघर एवढ्याशा फेरीत ती काय भरणार.

जागं का होतं तेपण विनोदला माहीत होतं. दिवाळीआधी कोणीतरी गाडीतलं डिझेल ओढून नेलं, तेव्हा अण्णाच म्हणाले होते, "गाडीला मांजर घासलं तरी कळायला पायजे." म्हणून विनोदने धक्क्याची सेटिंग सगळ्यात हळवी ठेवली होती. पण एवढं मांजर घासतं कुठे? वाडीत माणूस नाय, वारा नाय.

"मी इथेच बसतो," तो म्हणाला.

"बस. पण हॉर्न वाजवू नको, माई झोपलीय."

माई म्हणजे अण्णांची बायको. त्या झोपलेल्या वगैरे नव्हत्या. थोड्या वेळाने त्याच स्टीलच्या ग्लासात ताक घेऊन आल्या. "घे पोरा. सकाळपासून उताणा हायस." ग्लास दिला, हातातला आपला फोन पदराला पुसला आणि घरात गेल्या.

विनोदने अर्धं ताक पिऊन ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. दुपारचा दीड वाजला. वाडीत लाईट आली. मागच्या खोपीतला पंप आपोआप गुरगुरला आणि ग्लासातल्या ताकावर बारीक बारीक वर्तुळं उठली. खाली यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

विनोद उडी मारून मागे पळाला. गाडीचं मागचं चाक पंपाच्या ओट्याला चिकटून उभं होतं.

"अण्णा, गाडी ओट्याला का टेकवलीय?"

"हँडब्रेक लागत नाय. नाय टेकवली तर जाईल विहिरीत."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतील. का?"

विनोद तिथेच ओट्यावर बसला आणि हसत सुटला. ओटाही त्याच्यासकट थरथरत होता. "तुमचा पंपच मांजर हाय, अण्णा. लाईट असेपर्यंत गाडीला घासत बसतो."

मग अर्ध्या तासाचं काम. धक्का बसला तरी उठायचं नाय, चावी फिरली तरच उठायचं, अशी सेटिंग टाकली. उभ्या गाडीची जागा चार तासांनी एकदाच कळवायची. आणि गाडीची बॅटरी ठरलेल्या व्होल्टच्या खाली उतरली की यंत्राने तिला हात लावायचा नाय, आपल्या पोटातल्या छोट्या बॅटरीवर भागवायचं. गाडी हातभर पुढे घेऊन चाकाखाली दगड लावला. शेवटी बॅटरी चार्जरला लावली आणि वायरीवरून हात फिरवला.

"आणि डिझेल कोणी ओढलं तर?" अण्णांनी विचारलं.

"झाकणाला कुलूप लावा. यंत्राला किती राबवणार?"

सोमवारी पहाटे विनोद बोईसरहून बाईकवर माहीमला जाऊन उभा. करंड्या भरल्या. अण्णांनी विनोदकडे न बघता चावी फिरवली. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. अण्णा म्हणाले, "दगड काढ," आणि निघून गेले. ट्रॅकर सातही राहिले, विनोदही दुकानात राहिला.

पुढचं आमाला शिमग्यात कळलं. त्या यंत्राचे मेसेज अण्णांना नाय, माईंना जायचे. अण्णांचा फोन बटणांचा, म्हणून विनोदने माईंचा नंबर टाकला होता. "गाडी हलली" असा मेसेज आला की माईंना घरबसल्या समजायचं, लाईट आली, पंप चालू झाला, आता पाटाचं पाणी वेलींकडे वळवायला निघायचं. सेटिंग बदलल्यावर मेसेज बंद पडले, दोन पाळ्यांचं पाणी वाया गेलं, तेव्हा माईंनी विनोदला गुपचूप फोन केला. अण्णा पंधरा दिवस त्याला शिव्या घालत होते, तेव्हा पंपाने यंत्र जागं होतं हे माईंना ठाऊक होतं. का नाय सांगितलं, असं विनोदने विचारलं.

"मला कुठे कोणी विचारलं?" माई म्हणाल्या.

दुकानातला एक जुना ट्रॅकर आता त्या पंपाला बांधलेला हाय. अण्णांना अजून माहीत नाय.