सवतीचा झोटिंग

अनसिंगमध्ये गळाबंद ब्लाउज शिवून घेणारी तरणी बाई एकच, जगदेवची रंजीता. बाकीच्या पोरी मागे डोरी मागतात, लटकन मागतात, गळा तर इतका मोठा की मलाच शिवताना लाज वाटावी. ही मात्र भर उन्हाळ्यात म्हणायची, "काकू, गळा अजून वर घ्या." मला आधी वाटलं, पोरगी लाजाळू आहे. लाजाळू कसली! तिला गळ्यातली सवत झाकायची होती.

जगदेवची पहिली बायको निता तापानं गेली. दीड वर्षानं त्यानं मालेगावची रंजीता केली. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची रीत आहे. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशातली बाई. तिला घरातलीच मानायचं. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग अंगाला. जेवताना पहिला घास टाकापुढे. नवरा जिवंत असताना मेलेली बाई जखीण होते, पण मान राखला की घर सांभाळते, असं रंजीताची सासू रामीबाई सांगायची.

लग्नानंतर ब्लाउजचं माप घेऊन आला तो जगदेवच. माप म्हणून हातात निताचा जुना ब्लाउज. "याच मापाचा शिवा," म्हणाला. मीही मूर्ख, शिवून दिला. दुसऱ्या दिवशी रंजीता तो उसवायला घेऊन आली. खांद्यात सैल, छातीत घट्ट. मशीनवर ब्लाउज आपटून म्हणाली, "काकू, हे बाई मेली का नाई मेली?"

तेव्हापासून तिची माझ्याकडे बैठक. ती काजं-बटणं करायची आणि जळायची. घरात दिवसभर निताचं पुराण चालायचं. निताची पाटोडीची भाजी अशी, निताचा हात असा, निता वावरात गेली की दोन बायांचं काम एकटी करायची. मेलेल्या बाईची भाजी कधी खारट होत नाही, त्याला रंजीता बिचारी काय करणार?

"जित्या सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात," ती म्हणायची. "हिचं काय उपटू?"

काम करता करता ती मोबाइलवर भुतांच्या गोष्टी ऐकायची. त्यात एक लांबलचक प्रेमकथा चालू होती. एक जखीण आणि एक झोटिंग, म्हणजे लग्नावाचून मेलेल्या बाप्याचं भूत. दोघांचा जीव एकमेकांवर, आणि सगळ्या भूतखान्याची त्याला मनाई. कारण जखीण लग्नाची, नवऱ्याच्या घराला बांधलेली, आणि झोटिंग बेवारस. रंजीता डोळे मोठे करून ऐकायची. एक दिवस तिनं विचारलं, "काकू, जखीण खरंच दुसऱ्याची झाली तं?"

"मंग ते कायची घरची?" मी दोरा दातानं तोडत म्हटलं. "टाक नदीत सोडून द्या लागते."

जीभ माझीच होती. दोष कोणाला देऊ?

आठ दिवसांनी रंजीतानं जगदेवला वाढता वाढता सांगितलं, सासूलाही ऐकू जाईल असं. त्यांच्या वावरात विहिरीजवळ जुनी चिंच आहे. त्या चिंचेवर झोटिंग आहे, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. रंजीता म्हणाली, "सांजच्याले मी गवत घेऊन येऊन राह्यली होती. चिंचेखाली निताबाई उभी. हिरव्या साडीत. वरतून तो उतरला. दोघं बी हासून राह्यले होते."

रामीबाईनं कानावर हात ठेवले. जगदेव भाकरी खात राहिला. रंजीताला वाटलं, काम फत्ते. आता टाक जाणार, आणि टाकाबरोबर ती बाई नवऱ्याच्या मनातून जाणार.

सकाळी उठून जगदेवनं पहिला प्रश्न केला, "हिरवी साडी कोनती? काठाची का बिनकाठाची?"

"काठाची."

"अन् हासली कशी? दात दिसले काय?"

"दिसले."

"माह्यासंगं कधी दात दिसतवर नाई हासली," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून वावराकडे निघाला. खांद्यावर कुऱ्हाड.

त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. रोज सांज झाली की कुऱ्हाड घेऊन चिंचेखाली उभा. "उतर खाली, माह्या बायकोचं नाव घेतं?" असं वर पाहून ओरडायचा. रस्त्यानं जाणारे मोटरसायकल थांबवून पाहायचे. निता जिवंत असताना ती दोन दिवस माहेरी राहिली तरी याला पत्ता नसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता तिच्यावर हक्क सांगायला झाडाशी भांडत होता.

घरी आला की रंजीताची उलटतपासणी. तो झोटिंग दिसतो कसा? बोलतो काय? खोटं एकदा सुरू केलं की रोज नवं लागतं. मग रंजीता सांगायची. झोटिंग निताच्या डोक्यावरचा गवताचा भारा स्वतः उतरवतो. तिच्या पायातला काटा काढतो. ती विहिरीवर आली की आधी विचारतो, "जेवली काय?"

हे सगळं ती मला सांगत होती, आणि बटण लावता लावता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"काहून रडतं वं?" मी विचारलं.

"काकू, हे सारं मले पायजे होतं. यार बनवला मी, अन् तो बी तिलेच देल्ला."

खरं सांगते, मलाच त्या मेलीचा हेवा वाटला. माझ्या घरच्या माणसानं वीस वर्षांत मला "जेवली काय" असं विचारलेलं आठवत नाही.

पितृपक्षात नवमी आली. सवाष्ण मेलेल्या बायांना त्या दिवशी पान वाढतात. रामीबाईनं पुरण घालायला साफ नकार दिला. "बाहेरख्याली जखिणीले कायचं पुरन? टाक पैनगंगेत सोडा." इतके दिवस रंजीता ज्याची वाट पाहत होती तेच सासूच्या तोंडून आलं. तिनं नवी साडी नेसली. पहिल्यांदाच टाकाला न लावता.

नदीवर तिघंच गेले. जगदेवनं रंजीताच्या गळ्यातला टाक काढला, हातात घेतला आणि पाण्यात उभा राहिला. मूठ काही उघडेना. मग तो रडायला लागला.

"इथं सोडली तं तो घेऊन जाईन तिले," तो म्हणाला. "मी नाई देत."

नवऱ्याला असं रडताना रंजीतानं कधी पाहिलं नव्हतं. ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि ओरडली, "अहो, खोटं हाय सारं! मी काईच नाई पाह्यलं. ना झोटिंग, ना हिरवी साडी. मी जळत होती म्हून बोलली."

जगदेवनं तिच्याकडे पाहिलं. कधी नव्हे इतक्या मायेनं पाहिलं, हे तिनंच मला सांगितलं.

"सवत असून तिची अब्रू झाकून राह्यली तू," तो म्हणाला. "लय मोठ्या मनाची हायस, रंजीता."

आणि टाकाचा काळा दोरा त्यानं स्वतःच्या गळ्यात घातला. रामीबाई काठावरून किंचाळत होती, असलं कोणी केलेलं नाही, बाप्याच्या गळ्यात टाक! त्यानं सदऱ्याचं बटण लावून घेतलं.

परवा रंजीता ब्लाउज घेऊन आली. म्हणाली, "काकू, आता गळा कितीबी मोठा ठेवा." मी टेप लावला. गळ्याखाली दोऱ्याचा पांढुरका वण होता, तो अजून गेलेला नाही. मी विचारलं, आता तरी बरं चाललंय ना?

ती म्हणाली, काल ती चुलीजवळ शेवटची भाकरी टाकत होती. बाहेर ताटावर बसलेल्या जगदेवचा आवाज आला, इतका हळू, इतका गोड की तिचा हात तव्यावरच थांबला.

"जेवली काय?"

"नाई अजून," असं म्हणत ती पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आली. जगदेवनं सदऱ्याचं वरचं बटण उघडलं होतं, आणि पहिला घास टाकाला लावला होता.