वनमालाने मान्य केलेला शेवट

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये वनमाला परबला मानाने पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि शेजारी तिची बावीस वर्षांची लेक, दिशा. पडद्यावर वनमालाच्याच पुस्तकावरचा सिनेमा. त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून बोरीवलीतल्या या कोकणी मंडळींनी तो हौसेने पुन्हा लावला होता. वनमालाची नजर मात्र दिशाच्या पायावर होती. तो सारखा हलत होता. पोरीने गोळ्या बंद केल्याला अकरा दिवस झाले होते.

हे वनमालाला सकाळीच कळलं. कपाटात अकरा दिवसांपूर्वी आणलेलं पाकीट सापडलं, एकही गोळी न काढलेलं. सहा महिन्यांपूर्वी दिशाला नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्या. विचारलं तर दिशा फाडकन म्हणाली, "तू नाही का फेकून दिल्यास? सगळ्यांनी बघितलंय सिनेमात. मग मलाच का गं जबरदस्ती?"



वनमाला गिरणी कामगाराची मुलगी. चोविसाव्या वर्षी तिलाही असेच आवाज ऐकू येऊ लागले. देव झाले, भगत झाले, मग चार महिने इस्पितळ. बाहेर आल्यावर तिने ते सगळं शंभर पानांत लिहून काढलं, कुठेही रडारड न करता. शेवटचं वाक्य होतं, 'गोळी रोज घेते, नोकरीला रोज जाते.'

सिनेमाचा दिग्दर्शक भला माणूस. भल्या माणसांच्या चुका निस्तरणं महाकठीण, कारण भांडायचं कोणाशी? "लोकांना आशा द्यायला हवी, ताई," म्हणत त्याने नवा शेवट रचला. घरातला म्हातारा देवाला गाऱ्हाणं घालतो आणि नायिका गोळ्या खाडीत भिरकावते. वनमालाने सही केली. खरं सांगायचं तर तिलाही तो शेवट आवडला होता. सिनेमा आल्यावर माणसं तिला टाळेनाशी झाली, लग्न जमलं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. दोघांनी मिळून घरात तिच्या रोजच्या गोळ्यांचं नाव 'बीपीच्या गोळ्या' ठेवलं. नवरा गेला, तरी नाव तेच राहिलं.

पडद्यावर म्हातारा हात जोडून उभा राहिला, तशी माणसं सरसावून बसली. हे गाऱ्हाणं सगळ्यांना पाठ.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची इडापिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा हॉल गरजला. सगळ्यांत मोठा आवाज दिशाचा.

वनमाला उठली. "राजाराम, बंद कर."

लॅपटॉपपाशी सेक्रेटरी राजाराम बसला होता. "अगो, आता तर खरी मजा येतली!"

"बंद कर म्हणते ना!"

चित्र थांबलं. वनमाला लोकांकडे वळली. "मी गोळ्या फेकल्या नव्हत्या. हा शेवट खोटा आहे आणि तो मी चालवून घेतला. आज सकाळीही गोळी घेतलीय. मला बीपी कधीच नव्हतं." दिशाच्या गोळ्यांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

"अहो, सिनेमाच तो!" मागून कोणीतरी हसलं.

दिशा उभी राहिली होती. "किती वर्षं?"

"तीस."

"आणि मला बीपी सांगत आलीस?"

"घाबरत होते गं."

दिशा जवळ आली. आवाज एकदम खाली आला. "म्हणजे माझ्याही कधी सुटणार नाहीत?"

'सुटतील गं' हे शब्द वनमालाच्या ओठांवर आले होते. लेकीसाठी एवढंसं खोटं कुठली आई बोलणार नाही? ते तिने मोठ्या कष्टाने गिळलं.

"माहीत नाही. माझ्या नाही सुटल्या. पण त्या घेऊनच तुला वाढवलं."

दिशा मटकन खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडू लागली. वनमाला तिच्यापुढे खाली बसली. बऱ्याच वेळाने दिशा तिच्या कानाशी वाकली.

"आई, आवाज परत यायला लागलेत गं. परवापासून."

वनमालाने तिचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला.