मंदाकिनीबाई आणि गाळणीतल्या थकलेल्या पेशी

डॉ. मंदाकिनी गावस यांच्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो हातात केसपेपर घेऊन आणि बऱ्यापैकी ऐटीत. मूत्रपिंडविकार विभागात रुजू होऊन मला तीन महिने झाले होते. त्या दीर्घ रजेवरून त्याच सकाळी परतल्या होत्या. आम्ही सारे त्यांना ‘बाई’ म्हणतो. ‘मॅडम’ म्हटलेले त्यांना आवडत नाही. त्यांच्या कोरगाव या गावात शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, आणि आपण आधी शिक्षिका, मग डॉक्टर, असे त्या मानतात.

कॉटवर नऊ वर्षांची कविता होती. तिचे वडील सुभाष डिचोलीजवळच्या खाणीवर मजुरी करत. कुटुंब मूळचे सिंधुदुर्गातले. कविताच्या लघवीतून प्रथिने जात होती, अंगावर सूज होती. मी नेहमीप्रमाणे स्टिरॉइड सुरू केले होते आणि गुण येईना म्हणून ते लांबवत नेले होते. त्याने पोरीचा चेहरा गरगरीत झाला, प्रथिने मात्र जायची तशीच जात राहिली.

बाई कॉटच्या मागे गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “कविता.” मुलीने मान वळवली नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग समोर येऊन तेच नाव घेतले, तेव्हा ती त्यांच्या ओठांकडे बघून हसली.

“हिला कमी ऐकू येतं,” बाई मला म्हणाल्या. “तुमच्या कागदावर काय लिहिलंय?”

मी लिहिले होते : मूल बुजरे, नीट उत्तर देत नाही.

कानाचा आणि मूत्रपिंडाचा असा विकार एकत्र आला की बाईंना मायटोकॉन्ड्रियाची शंका येते. पेशीला ऊर्जा पुरवणारे हे कण. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी आणि कानातल्या पेशी या ऊर्जेवाचून फार लवकर थकतात. जनुकतपासणीत बाईंची शंका खरी ठरली. कविताच्या शरीरात को-एन्झाइम क्यू-टेन हे ऊर्जानिर्मितीच्या साखळीतले द्रव्य पुरेसे तयार होत नव्हते. ते औषध म्हणून बाहेरून देता येते. माझ्या स्टिरॉइडचा तिला काडीचाही उपयोग होणार नव्हता.

मी बाईंच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “माझ्यामुळे तिचे दोन महिने वाया गेले.” त्यांनी कोंड्याच्या पावांचा डबा पुढे सरकवला. “पोई घ्या आधी. उपाशीपोटी पश्चात्ताप नीट होत नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मीही एका मुलाला असंच ताटकळवलं होतं. ते वाचलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला मागून हाक मारते. उद्यापासून तुम्हीही मारा.” माझ्या त्या चुकीचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधीही, कुणापुढेही केला नाही. आज तो मीच करतो आहे.

आईवडिलांना हा आजार समजावणे सोपे नव्हते. बाईंनी सुभाषना विचारले, “खाणीर घमेली हातोहात फुडे दितात, मदलोच माणूस नसलो तर?”

“माती थंयच रवतली,” ते म्हणाले.

“तसांच झालां हा. ह्यां औषध म्हणजे तो मदलो माणूस.”

सुभाषना ते पटले. त्यांची आई मात्र सुनेकडे बोट दाखवून म्हणाली, “हिच्या म्हायेराकडची पीडा ही!” कविताची आई सुगंधा हुंदका आवरत म्हणाली, “बाय, माज्याच रगतात खोट आसा काय?”

आईवडील दोघांच्याही त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकेक सदोष होती. बाई उठून तिच्याशेजारी बसल्या. “तुज्या एकटीच्या नाय गो. अर्धां तुजां, अर्धां तेचां. दोगांचांय उरलेलां अर्धां चांगलां आसा, म्हणान तुमी दोगांय बरी आसात.” सुभाषनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. मग बाईंनी विचारले, “घरात आनीक कोण बारीक आसा?”

धाकटी प्राची तीन वर्षांची होती, खेळतीबागडती. तिलाही तोच दोष निघाला. लघवीत प्रथिने नुकती दिसू लागली होती. दोघी बहिणींना औषध सुरू झाले. कविताच्या त्वचेच्या पेशी बाईंनी राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत वाढवायला दिल्या आणि त्या पाहायला स्वतः गेल्या. तिथून त्यांचा फोन आला, “औषध घातलेल्या पेशी सावरल्यात हो!”

कविताची मूत्रपिंडे मात्र वाचली नाहीत. आम्हाला उशीर झाला होता. काही वर्षे डायलिसिसवर काढल्यावर सुगंधाने तिला आपले एक मूत्रपिंड दिले. आईच्या त्या चांगल्या अर्ध्यावर मुलगी आज उभी आहे, कानाला यंत्र लावून नोकरीला जाते. प्राचीची प्रथिने वर्षभरात जवळजवळ थांबली. ती आता कॉलेजात आहे, आणि औषध वेळेवर घेत नाही म्हणून बाईंची बोलणी खाते.

निवृत्तीनंतर बाई दर रविवारी कोरगावजवळच्या चोपडे गावी रुग्ण तपासतात. तिथे एक कुटुंब येते. त्यांचा मायटोकॉन्ड्रियाचा आजार वेगळा, केवळ आईकडून उतरणारा. त्याला अजून नेमके औषध नाही. बाई त्यांचा रक्तदाब बघतात, साखर बघतात, मूत्रपिंडाला जपणाऱ्या गोळ्या देतात आणि खोटी आशा देत नाहीत. औषध नसतानाही बाई बोलावतात याचे नवल वाटून त्या घरची आजी एकदा म्हणाली, “वखद ना, तरी तूं आमकां आपयता.” बाई म्हणाल्या, “औषध येईल तेव्हा तुम्ही माझ्या ओळखीचे असायला हवेत ना?”

नवा शोधनिबंध दिसला की पहाटेच त्यांचा निरोप येतो : वाचलात का? वाचला नसेल तर माझी धडगत नसते.

बाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांचे गुडघे दुखतात, ते त्यांनी आता तरी कुणाला दाखवावेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळावे, ही इच्छा त्यांच्या सर्व शिष्यांची आहे. माझी जरा अधिक नेमकी आहे. त्या आजीच्या घराण्याला लागू पडेल असे औषध ज्या दिवशी हाती येईल, त्या दिवशी त्याची पहिली चिठ्ठी बाईंनी आपल्या कुणालाच न वाचता येणाऱ्या अक्षरात लिहावी, आणि ती वाचून दाखवायला मी शेजारी असावे.