चढाचं माप आणि हसायचं माप

शिरवण्याचे आमचे टेलरमास्तर सोडले, तर या पृथ्वीवर कुणालाच धड श्वास घेता येत नव्हता. हे मत अर्थात मास्तरांचंच होतं. पण तोंडात दोन टाचण्या धरून ते इतक्या शांतपणे सांगत, की समोरचा माणूस नकळत आपला श्वास तपासू लागे आणि मग त्याचा श्वास खरोखरच बिघडे. माझाही पहिल्याच दिवशी बिघडला.

त्या वर्षी मी मुंबईच्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकायला जाऊ लागले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द घरात कुणी पुरता उच्चारत नसे. आबा, म्हणजे माझे वडील, विचारणाऱ्याला सांगत, "डाक्टरीच्या शेजारचं कायतरी शिकतीया." आम्ही साताऱ्याकडचे. आबा रबाळ्याच्या एका कारखान्यात रंगाच्या पावडरीची पोती भरण्याच्या खात्यात होते आणि आम्हाला नुकतंच नेरूळच्या वसाहतीत एका खोलीचं घर मिळालं होतं. कॉलेजात पांढरा अ‍ॅप्रन लागतो म्हटल्यावर आई मला जवळच्या शिरवणे गावात घेऊन गेली. मास्तर तिथले मूळचे. त्यांची शेती नव्या शहरासाठी सरकारनं घेतली, तेव्हा त्यांनी घराच्या पडवीत शिलाईचं मशीन मांडलं. बायकांची मापं पडद्याआड त्यांची बायको, काकी, घेई आणि मास्तर पडद्याबाहेर पाठ करून बसून हुकूम सोडत.

"घेतला काय श्वास?"

"घेतला," काकी म्हणाली.

"कुठून घेतला?"

"नाकातून घेतला, दुसरीकडून कुठून घेनार? गप बसा तुमी."

"खांदं वर गेलं काय?"

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "गेलं."

"मंग खोटा हाय. परत."

असे सात श्वास झाले. आठव्याला मला घेरी आली आणि आईनं मला स्टुलावर बसवलं. मास्तर म्हणाले, "डाक्टरीन व्हनार आनि श्वास घेता येत नाय," आणि मशीन चालू केलं. अ‍ॅप्रन मात्र असा बेतला की पुढे तीन वर्षं मला तो अंगात आहे हे जाणवलं नाही.

मास्तरांना हे वेड बँडवाल्यांच्या कोटांनी लावलं होतं. लग्नाच्या बँडचे बारा लाल कोट त्यांनी एका ताग्यातून, एका दोऱ्यानं शिवले आणि एका हंगामात ते दुरुस्तीला परत आले. ट्रम्पेटवाल्यांच्या पोटावरची बटणं गेली होती. ढोलवाल्यांचे कोट बगलेत उसवले होते. आणि एक म्हातारा क्लॅरोनेटवाला होता, त्याचा कोट सगळीकडे शाबूत, फक्त कॉलर आतून झिजलेली. दुसऱ्या कुणी दोऱ्याला शिव्या दिल्या असत्या. मास्तरांनी ते बारा कोट दोन दिवस पडवीत टांगून ठेवले आणि त्यांच्यापुढे बसून विचार केला. "माणूस कसा श्वास घेतो ते माणूस सांगत नाय," हा त्यांचा निष्कर्ष होता. "शिवन सांगते."

तेव्हापासून त्यांच्याकडे शर्ट टाकणं ही भानगडच झाली. टेप लावल्याबरोबर पुरुषमाणूस पोट आत ओढून छाती पुढे काढतो. मास्तर म्हणत, "फोटो काढायला आलास काय?" मग ते टेप तशीच धरून मासळीचे भाव विचारत. आज जिताडा कितीला होता, निवट्या आल्यात काय, कोलंबीत माती होती काय. गिऱ्हाईक भावाच्या नादात छाती विसरून श्वास सोडी आणि मास्तर झटकन आकडा घेत. हे झालं बसल्याचं माप. त्यानंतर चढाचं माप. त्यासाठी गिऱ्हाइकानं गावाच्या विहिरीपर्यंत पळत जाऊन पळत परत यायचं, आणि धापा टाकत असतानाच मास्तर त्याला टेप गुंडाळणार. नेरूळचे कितीतरी सुशिक्षित गृहस्थ ब्रीफकेस पडवीत ठेवून विहिरीकडे पळताना मी पाहिले आहेत. शेवटी हसायचं माप. हसताना पोटाचे स्नायू किती जोरानं आत येतात आणि फुटल्यासारखे बाहेर जातात, ते शर्टाला आधी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क तीन खेपांना हसले नाहीत. काकीनं त्यांना आपल्या धाकट्या दिराचं घोड्यावरून पडणं सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी घोड्याला लागलं का, असं विचारलं. मास्तरांनी हात टेकले आणि शर्ट न हसणाऱ्या माणसाचा शिवला. पुढच्या महिन्यात कचेरीच्या स्नेहसंमेलनात कुणाच्या तरी नकलेवर हेडक्लार्क अचानक हसले आणि तिसरं आणि चौथं बटण पुढच्या रांगेत गेलं. ते तक्रार घेऊन आले तेव्हा मास्तरांनी त्यांना आनंदानं चहा पाजला.

मला कॉलेजात श्वासाचे स्नायू पाठ होत नव्हते. खरं सांगायचं तर पाठ होत, समजत नव्हते. दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे दोन थर असतात, बाहेरचा आणि आतला, आणि त्यांचे धागे एकमेकांना छेदणाऱ्या दिशांनी जातात. आमच्या सरांनी खिशात हात घालून बाहेरच्या थराची दिशा दाखवली होती. मला इंग्रजी नीट कळत नसल्यामुळे मी वहीत 'खिशात हात' एवढंच लिहून आणलं. एकदा अ‍ॅप्रनचं बटण लावायला गेले असताना मी ते भीत भीत मास्तरांना सांगितलं. त्यांनी अस्तराच्या रेघारेघांच्या कापडाचे दोन तुकडे उरेब कापले, म्हणजे धाग्याला तिरके, आणि रेघा एकमेकींवर फुली मारतील असे एकावर एक धरले.

"सरळ कापड तानत नाय. तिरकं तानतं. ह्यो वरचा थर बरगड्या उचलतो, ह्यो आतला खाली ओढतो. बरोबर?"

पुस्तकात तेच होतं. मी म्हटलं, "आणि त्याच्या खाली श्वासपटल असतं. घुमटासारखं. श्वास घेताना ते आवळून सपाट होतं आणि पोट पुढे येतं."

"म्हंजे छत्रीचं कापड," मास्तर म्हणाले. "आनि श्वास सोडायला?"

"शांत बसलेल्या माणसाला काही करावं लागत नाही. फुप्फुसं आपोआप मिटतात."

"इलास्टिक," मास्तर म्हणाले, आणि आत वळून काकीला सांगितलं, "बुकात पन इलास्टिकच हाय."

त्या दिवसापासून आमचा शिरस्ता पडला. मी नावं घेऊन जाई आणि ते प्रत्येक नावाला एक शिवण दाखवत. मानेतले स्नायू सांगितले तेव्हा ते जरा थांबले. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा एक जाड दोर आणि त्याच्या मागे वरच्या दोन बरगड्यांना धरून ठेवणारे तीन बारीक. "हे रोजच्या श्वासाचे नाहीत," मी म्हटलं, "बाकीचे पुरेनासे झाले की मदतीला येतात."

"क्लॅरोनेटवाला," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या हंगामाला आला नाय तो."

त्या दिवाळीला आबांना कारखान्यातून शर्टपीस मिळाला, निळ्या चौकड्यांचा. आबा स्वतः मास्तरांकडे जायला तयार नव्हते. "त्यो म्हातारा हिरीवर पळवतुय. मी न्हाई जायचा. ह्यो जुना शर्ट ने मापाला," असं म्हणून त्यांनी अंगातला शर्ट काढून दिला. मला हसू आलं. आबा लाजतात असं मला वाटलं.

मास्तरांनी तो शर्ट टेबलावर पसरला. मग उलटा केला. तोंडातल्या टाचण्या त्यांनी काढून ठेवल्या. पोटावरच्या बटणांचा दोरा नव्यासारखा होता. दोन्ही बगला उसवून पुन्हा शिवल्या होत्या, आईच्या हातच्या टाक्यांनी. गळ्याचं बटण अर्धा इंच सरकवलेलं. आणि कॉलर आतून, पुढच्या बाजूनं, दोन्हीकडे तिरकी झिजलेली.

"काय गो," ते म्हणाले, "तुजा बापूस कवापासून मानंनं श्वास घेतोय?"

चार दिवसांपूर्वी याच स्नायूंवरच्या चाचणीत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते, आणि आबा रोज संध्याकाळी माझ्यासमोर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर काढून बसत होते.

मास्तर पडवी सोडून कुठे जात नसत. लग्नालाही काकी एकटी जाई. ते त्या संध्याकाळी टेप गळ्यात घालून आमच्या घरी आले. आबांनी त्यांना बघितलं आणि छाती पुढे काढली. मास्तरांनी टेप गुंडाळली आणि जिताड्याचा भाव विचारला.

"आमी मटणवालं," आबा म्हणाले, पण तेवढं बोलताना त्यांचा श्वास सुटला. मास्तरांनी माप घेतलं. मग म्हणाले, श्वास भरून घ्या. आबांनी घेतला. टेप एक बोटभर सरकली, आणि मानेवरचे दोन दोर मात्र ताठ उभे राहिले.

"आता हसा."

आबा हसले आणि खोकू लागले. खोकला थांबेना. आईनं पाणी आणलं. तो थांबल्यावर मास्तर माझ्याकडे वळले. "सांग त्यांना. तुज्या बुकात काय हाय ते."

आबांना मी आयुष्यात काही शिकवलं नव्हतं. मी त्यांच्या मानेला हात लावून सांगितलं, की हे स्नायू रोजच्या कामाचे नाहीत आबा, तुमचे रोजचे थकलेत, पावडर आत गेली असणार, डॉक्टरला दाखवायला हवं.

"आन् डाक्टरनं कारखान्याला कळवलं तर?" आबा जमिनीकडे बघत म्हणाले. "काढून टाकत्याल. तुजी अडीच वर्सं ऱ्हायलीत अजून." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. विहिरीवर पळायला ते लाजत नव्हते.

मास्तरांनी टेप गुंडाळली. "भरल्या श्वासाचं माप दोन इंच वाढल्याबिगर मी कापडाला कातर लावनार नाय," ते म्हणाले. "आनि कापड परत पन देनार नाय."

आबा डॉक्टरकडे तब्येतीसाठी गेले असं मी म्हणणार नाही. ते त्या कापडासाठी गेले. कारखान्यातल्या सगळ्यांचे शर्ट शिवून झाले होते आणि आपलाच एका हट्टी आगरी म्हाताऱ्याच्या फळीवर पडून आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं. छातीचे फोटो निघाले, औषधं सुरू झाली. युनियनवाल्यांनी बरीच भांडणं केली आणि त्यांना पोत्यांच्या खात्यातून काढून गेटवरच्या स्टोअरला बसवलं. मी रोज संध्याकाळी त्यांना आडवं निजवून पोटावर हात ठेवायला लावी आणि श्वास घेताना हात वर गेला पाहिजे म्हणून मागे लागे. दर महिन्याला मास्तर माप घेत. अर्धा इंच. पाऊण. मध्ये एकदा पाव इंचानं कमी झालं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पुरते दोन इंच कधीच वाढले नाहीत. पावणेदोनवर येऊन टेप थांबली ती थांबलीच. होळीच्या आधी मास्तरांनी कापड फळीवरून काढलं आणि म्हणाले, "पाव इंचाची माया मी शिवनीत सोडतो." त्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून.

शर्ट न्यायला गेले तेव्हा मला एकदम सुचलं. मास्तर बारा महिने बिनबाह्यांच्या बनियनवर असत. त्यांच्या अंगावर वाचावी अशी एकही शिवण कधी नव्हती. मी टेप उचलली आणि म्हटलं, "मास्तर, आज तुमचं माप."

"माजं कशाला?" ते म्हणाले. पण काकीनं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. मास्तर उभे राहिले आणि त्यांनी पोट आत ओढून छाती पुढे काढली, अगदी इतर सगळ्यांसारखी.

"फोटो काढायला आलात काय?" मी विचारलं. ते हलले नाहीत. मग मी मासळीचे भाव काढले. मला जिताडा आणि पापलेट यांच्या पुढे मासे ठाऊक नव्हते. ते दोन संपल्यावर मी हेडक्लार्कांसारखं विचारलं, "त्या घोड्याला लागलं होतं का?"

मास्तर हसले. टेप माझ्या बोटांतून सरसर सरकली आणि मी आकडा वाचायचा विसरले. पुन्हा घेऊ म्हटलं तर ते मशीनवर जाऊन बसले होते.

आता त्या पडवीत मोबाइलचं दुकान आहे. आबांचा निळा चौकड्यांचा शर्ट माझ्याकडे आहे. त्याची कॉलर आतून कोरी आहे आणि पोटावरचं तिसरं बटण दोनदा तुटून पुन्हा लावलेलं आहे. दवाखान्यात कुणाच्या छातीला टेप लावली की तो माणूस श्वास धरतो, आणि मी त्याला मासळीचे भाव विचारते. आता मला पुष्कळ मासे ठाऊक झालेत.