पंख असून पायी चालणारी घोडी

रीताबाई भानारकर यांच्याइतकी भित्री बाई मी गोंडपिपरीत दुसरी पाहिलेली नाही. त्या पालीला भितात, कुकरच्या शिट्टीला भितात, एस.टी. पुलावर आली की पुढच्या सीटचा दांडा धरून डोळे मिटतात. वाचनालयाला कुलूप लावून चौकापर्यंत जातात आणि परत येऊन ते ओढून बघतात. मी जन्माने वर्ध्याची, बत्तीस वर्षं इथल्या पोरांना मराठी शिकवून निवृत्त झालेली आणि स्वभावाने तापट. अशा माणसांचा मला चटकन कंटाळा येतो. तरी गेली सहा वर्षं दर दिवाळीनंतर मी त्यांच्या शेजारी बसून घोड्यांच्या गोष्टी तपासते.

घोड्या म्हणजे कार्टूनमधल्या. डोळे वाटीएवढे, शेपट्या गुलाबी-निळ्या, कोणाला पंख, कोणाला कपाळावर शिंग. आमच्याकडच्या पोरी त्यापायी वेड्या झाल्या होत्या. वाचनालयात यायच्या त्या पुस्तकं न्यायला नाही, तर फुकटच्या वायफायवर ते कार्टून बघायला. दुसरा कोणी ग्रंथपाल असता तर त्याने हाकलून लावलं असतं. रीताबाईंना बहुधा हाकलण्याचीही भीती वाटली असावी. त्यांनी पोरींना कागद दिले आणि सांगितलं, टीव्हीवरची गोष्ट जिथं संपते तिथून पुढची तुम्ही लिहा. पहिल्या वर्षी अकरा गोष्टी आल्या, यंदा चौऱ्याण्णव. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतूनही येतात, आणि तिकडच्या घोड्या सर्रास मासे खातात.

परीक्षक आम्ही दोघी. गोष्टीवर फक्त नंबर असतो. नाव-गाव वेगळ्या पाकिटात, ते चिकटवून लोखंडी कपाटात, आणि निकालाच्या दिवसापर्यंत कोणीही उघडायचं नाही. हा नियम रीताबाईंचाच. एकदा वाचनालय समितीच्या अध्यक्षांनी नातीचा नंबर विचारला, तर या घाबरट बाईने थरथरत नाही म्हटलं होतं. मी भराभर वाचते, लाल पेनाने रेघा ओढते, गुण देऊन मोकळी होते. त्या ओळीखाली बोट धरून वाचतात आणि प्रत्येक पोरीला पत्र लिहितात. त्यामुळे मी दोन दिवसांत संपवलं असतं ते काम पंधरा दिवस चालतं, आणि त्यावरून आमची दरवर्षी जुंपते.

त्या शनिवारी सकाळी नऊला आम्ही बसलो. धानाची कापणी सुरू होती, वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. सत्तावीस नंबरची गोष्ट मी आदल्या दिवशीच वाचली होती आणि दहापैकी चार गुण दिले होते. जांभळी नावाची घोडी धाकट्या बहिणीला घेऊन जंगलातून शाळेत जाते. बस, एवढंच. संकट नाही, जादू नाही. मी तीन शेरे मारले होते. एक, जांभळीला पंख आहेत तर ती उडत का नाही? दोन, भर जंगलात चिन्नोर तांदळाचा भात शिजल्याचा वास येतो, तो कोण शिजवतं ते सांगितलेलं नाही. तीन, सातत्य नाही. वाटेत काटक्यांचा जुना ढीग आहे. पहिल्या पानावर घोडी थांबून, वाकून त्यावर फांदी ठेवते, आणि चौथ्या पानापासून ती लांबूनच फेकून पुढे निघते. मधे काय झालं ते लेखिका विसरली.

रीताबाई वाचत होत्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं ते पुढे सरकेचना. मी वर पाहिलं तर त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला.

त्या म्हणाल्या, "बाई, हे पोरगी खोटं नाई लिहून राह्यली."

मी म्हटलं, घोड्यांच्या गोष्टीत खरं काय असणार? मग त्यांनी मला सांगितलं, आणि इतक्या हळू आवाजात की मला खुर्ची ओढून जवळ जावं लागलं. आमच्याकडे जनावराने जिथे माणूस मारला तिथे येणारा-जाणारा काटकी टाकतो, हे मलाही ठाऊक होतं. पण वास ठाऊक नव्हता. वाघीण आपली हद्द झाडावर शिंपडते तेव्हा त्याला सुवासिक भातासारखा वास येतो. भल्याभल्यांना आधी भूकच लागते, मग कळतं. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, चार पायांचं काहीतरी दिसतं. मोहफुलं वेचताना, तेंदूची पानं तोडताना माणसं जातात ती म्हणूनच.

"माही माय वाकलीच होती," त्या म्हणाल्या. "मी दहा पावलांवर होती. नऊ वर्षांची."

वीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने चिडून विचारलं की मग ती घोडी उडत का नाही. त्यांनी दुसऱ्या पानावरची एक ओळ दाखवली. मी ती ओळ वाचून पुढे गेले होते. 'धाकटीला अजून पंख फुटले नाहीत, म्हणून जांभळी चालते.'

रीताबाई उठल्या, कपाट उघडलं आणि सत्तावीसचं पाकीट फाडलं. मी नियमाची आठवण करून दिली. हो, मी तेव्हाही नियमाची आठवण करून दिली. त्यांना ती ऐकूच गेली नाही. दिव्यानी लच्छू सोयाम, इयत्ता सातवी, मुक्काम खैरबोडी. खैरबोडी सोळा किलोमीटरवर. शाळा डांबरी रस्त्यावरच्या फाट्याला, आणि तिथून गावापर्यंत तीन किलोमीटर जंगलवाट. पक्का रस्ता आहे, पण तो नऊ किलोमीटरचा वळसा घेतो. वडिलांचा मोबाइल नंबर होता, तो लागला नाही. बीटचा वनरक्षक स्वप्निल माझाच विद्यार्थी, त्याला फोन केला. तो म्हणाला, त्या वाटेवर जनावर असल्याची काहीच खबर नाही, पण मी निघतो, दीड तास लागेल, तुम्ही आत जाऊ नका. शनिवारची सकाळची शाळा अकराला सुटणार होती. माझ्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

माझ्या स्कूटीवर मागे बसताना रीताबाई नेहमी किंचाळतात. त्या दिवशी त्यांनी फक्त माझ्या खांद्याचं कापड मुठीत धरलं होतं. मी रस्ताभर स्वतःला समजावत होते की पोरीने कोणाकडून ऐकून लिहिलं असेल. पण ऐकून लिहिणारी पोर वाघाला डरकाळी फोडायला लावते, डोळे लाल करते. या गोष्टीत वाघ हा शब्दच नव्हता. घोडी धाकटीला आधी मागे ठेवते, मग पुढे, मग स्वतःचं दप्तर तिच्या पाठीवर मानेपर्यंत उंच बांधते, आणि का ते लिहिलेलं नाही. वाघ मागून येतो आणि मान धरतो. मला ते सगळं आता एकेक करून कळत होतं आणि मी स्कूटी आणखी पळवत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. शाळेला कुलूप होतं. गुरुजींना मीटिंग होती म्हणून साडेदहालाच सोडली, असं पानठेल्यावरच्या म्हाताऱ्या इस्तारीने सांगितलं. सायकलवाली पोरं वळशाच्या रस्त्याने गेली, दोघी बहिणी नेहमीसारख्या आतून. वाटेकडे बघून तो म्हणाला, झाली असतील वीस मिनिटं.

मी स्वप्निलची वाट बघू म्हटलं. मी तापट आहे, म्हणजे धीट आहे असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. रीताबाईंनी इस्तारीचा पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि एक काठी उचलली आणि त्या वाटेला लागल्या. त्यांचे पाय एवढे कापत होते की साडीचा काठ हलताना मागून दिसत होता. त्यांना एकटं जाऊ द्यायची लाज वाटली म्हणून मी गेले. धैर्याबिर्याने नाही.

त्या गंज बडवत होत्या आणि दिव्यानीचं नाव घेऊन हाका मारत होत्या. सागाची वाळकी पानं पायाखाली इतकी वाजत होती की आपल्याच मागे कोणी चालतंय असं वाटावं. दहा-बारा मिनिटांनी माकडं खोकायला लागली, वाघ दिसला की खोकतात तशी. माकडाचा तो कोरडा खोकला मी हजारदा ऐकला असेल, पण घराच्या ओसरीवरून. मग वाट वळली आणि वास आला. खरंच भाताचा. गरम, सुवासिक, कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीसारखा. मी तिथंच उभी राहिले. मला परत फिरायचं होतं, पण एकटीने फिरायचीही हिंमत नव्हती.

ढिगापाशी त्या दोघी होत्या. मोठी ऐनाच्या खोडाला पाठ लावून उभी, हातात धाकटीच्या दप्तराचा पट्टा. दोघी गवताकडे बघत होत्या. धाकटीची चप्पल पायातून निघून दोन पावलांवर पडली होती आणि ती घ्यायला ती खाली वाकत होती.

"वाकू नको," रीताबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे थे चप्पल. माह्याकडं पाहत ये. पळू नको."

धाकटी सरळ झाली. रीताबाई पुढे गेल्या, त्या गवताच्या आणि पोरींच्या मधे उभ्या राहिल्या आणि गंज बडवतच राहिल्या. आम्ही उलट्या पावलांनी वळणापर्यंत आलो. गवत एकदा हललं. वारा नव्हता. याहून जास्त मी काही पाहिलं नाही, आणि ज्याला वाटतं की न दिसलेल्या गोष्टीची भीती कमी असते त्याने त्या वाटेवर एकदा उभं राहून बघावं.

स्वप्निलने वर कळवलं आणि दुसऱ्या दिवशी वनविभागाने तिथे कॅमेरे लावले. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत वाघीण होती, आणि मागे तिच्याएवढे झालेले दोन बच्चे.

त्या दिवशी परत ठेल्यावर येऊन चहापाणी झाल्यावर मी दिव्यानीवर चिडले. इतके दिवस वास येतो, माकडं ओरडतात, आणि घरी एक शब्द बोलली नाहीस? ती कपबशीकडे बघत म्हणाली, "घरी सांगतली असती त शाळा बंद केली असती. गोष्टीत लिवली त कोणी खरं नाई मानत."

मला तर खरं वाटलंच नव्हतं. चार गुण दिले होते मी.

चौघी एका स्कूटीवर बसून वळशाने खैरबोडीला गेलो. लच्छू सोयाम बांधावर पेंढ्या बांधत होता. रीताबाईंनी त्याला सगळं सांगितलं. दिव्यानी त्यांच्याकडे बघत होती, आणि ती नजर मला वाचता येत होती. आपण विश्वासाने एका माणसाला सांगितलं आणि त्याने जाऊन फोडलं. लच्छूने ऐकून घेतलं, धाकटीला छातीशी धरलं, मग मोठीच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. "झाली शिकून," तो म्हणाला. रागाने नाही. पोर रडली नाही, तिने मान खाली घातली.

तेव्हा रीताबाई म्हणाल्या, "भाऊ, सकाळी मी शाळेत नेतो यांयले. संध्याकाळी आणायले तुमी गावातले चार जण जा. पण दप्तर द्या तिचं."

मला वाटलं, भीतीने डोकं फिरलं हिचं. लच्छूलाही तसंच वाटलं असणार. पण सोमवारी त्या पहिल्या एस.टी.ने खैरबोडीत उतरल्या, पूल डोळे मिटून ओलांडून. ती गाडी पुढच्या गावांना निघून जाते, शाळेकडे परतत नाही. गावातून पोरं गोळा केली, दोन बाप्यांना काठ्या घेऊन पुढे-मागे घातलं, आणि गंज बडवत वळशाच्या रस्त्याने नऊ किलोमीटर चालत शाळेत पोचवलं. वाचनालय आता दुपारी उघडतं. समितीने कुरकुर केली, ती मी माझ्या पद्धतीने बंद केली.

निकालात सत्तावीस नंबर कुठेच नव्हता. मी दहापैकी दहा करून ठेवले होते, पण पाकीट आधी उघडलं म्हणून रीताबाईंनी ती गोष्ट स्पर्धेतून काढली. आमचं त्यावरून जोरात वाजलं. दिव्यानीला विचारलं तर ती म्हणाली, मले बक्षीस नाई पायजे, शाळा पायजे होती.

आता चार महिने झाले. परवा मी रीताबाईंसोबत पोरांना पोचवायला गेले. दोन्ही बाजूंना तेच जंगल. कुठे पान वाजलं की त्या दचकत, धाकटीचा हात घट्ट धरत, माकडांचा आवाज ऐकायला थांबत. परतताना मी विचारलं, एवढ्या दिवसांत भीती थोडी तरी कमी झाली का?

"नाई बाई," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी कमी होईन, त्या दिवशी या पोरांसोबत मले पाठवू नका."