पालथा ग्लास

...तर पालथ्या ग्लासापर्यंत आलो होतो ना आपण? मुलींच्या त्या होस्टेलच्या जेवणघरात रीतच होती तशी. मैत्रिणीसाठी जागा धरायची, तर तिच्या जागेपुढे ग्लास पालथा घालायचा. मग त्या खुर्चीला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

आपली घुमी तिथं पहिल्या वर्षाला. नाव कुणी विचारलंच नाही, म्हणून घुमी. घरी हीच तोंडाचा पट्टा सोडायची, आई म्हणायची, "अगं, श्वास तरी घे!" इथं मात्र सगळ्यांची टोळकी आधीच जमलेली. पोरीची दातखीळच बसली. एकटीनं जेवायची लाज, म्हणून समोर ग्लास पालथा घालायची आणि मधूनमधून दाराकडे बघायची, कुणी येतच असल्यासारखी. आईलाही फोनवर थाप, "आहे ना मैत्रीण. रोज सोबत जेवतो."

आणि गंमत बघा, तो ग्लास बघून कुणी शेजारी फिरकायचंच नाही!

एका दुपारी वाढणारी मावशी म्हणाली, "तुझी मैत्रीण काहीच खात नाही गं. आजारी आहे का?"

"कोणती मैत्रीण?"

"जा, चेष्टा करते म्हातारीची! ती मोकळ्या केसांची. दाराकडे पाठ करून बसते, तोंड काही दिसलं नाही कधी."

घुमीचा घास हातातच राहिला. समोर लख्ख उन्हात रिकामी खुर्ची. पलीकडच्या टेबलावर विचारलं, तर पोरी फिस्कारल्या, "हो की! दोघी आपापसातच कुजबुजता. भारी शिष्ट बाई तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तिनं समोरचा ग्लास सरळच ठेवला. पाणी घेऊन परत येते तो काय, ग्लास पालथा! अंगावर सर्रकन काटा आला. पण खरी धास्ती वेगळीच होती. 'आली वाटतं,' म्हणून तिच्या जिवाला चक्क बरं वाटलं होतं. असंच चाललं तर दुसऱ्या कुणाची गरजच उरायची नाही, हे तिला कळून चुकलं.

तेवढ्यात पायाला प्लास्टर घातलेली एक पोरगी ताट सावरत लंगडत आली. "इथं कुणी आहे का गं? उभ्यानं जेवायला मी काय घोडा आहे?"

"अगं ए, जागा धरलीय ती!" मावशी तिकडून ओरडली.

घुमीनं समोर पाहिलं. खुर्ची आवाज न करता थोडी मागे सरकली. तिनं ग्लास उचलून सरळ केला आणि ठाम आवाजात म्हणाली,

"जरा थांब, तिला उठू दे. ...हं, बस आता."