पडदा विरघळवणारा

गुजरातच्या वेशीवरच्या आमच्या झाई गावात मोतीबिंदूला पडदा म्हणतात. माझ्या थोरल्या जावेच्या डोळ्यातला पडदा काढला, आणि तिला लांबच्या होडीवरचा बावटासुद्धा ओळखू यायला लागला. तेव्हापासून पडदा म्हणजे घाण, असेल तिथून काढायचा, हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

आणि तोच शब्द धरून तो पावडरवाला आला. समाजमंदिरात सगळ्यांना ‘बेन, बेन’ करत चहा पाजला आणि म्हणाला, पेशीवर पडदा असतो, म्हणून साखर आत शिरत नाही. पावडर घ्या, पडदा विरघळेल, सुई बंद. थोरलीला साखर, रोजचं इन्सुलिन. तिनं पैसे मोजून डबा घेतला आणि घरी येऊन सुई बंद केली. चार दिवसांत घसा कोरडा, सारखी तहान, सारखं लघवीला उठणं.

मी सातवीपर्यंतच शिकले, पण नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक नातीपेक्षा मीच जास्त उघडते. पेशीचं पटल म्हणजे काय हो? स्निग्ध पदार्थाचे दोन थर, पाठीला पाठ लावल्यासारखे, आणि त्यात प्रथिनांची दारं. पाणी सहज ये-जा करतं. म्हणून तर मीठ लावलेल्या मच्छीला पाणी सुटतं. साखरेला मात्र दार लागतं. आणि स्नायूंच्या पेशीत ते दार पटलावर आणून बसवायचा निरोप इन्सुलिन देतं. पटलच विरघळलं तर आतलं सगळं बाहेर, पेशी मेली. हा गडी घराला दार नाही म्हणून भिंती पाडायला निघाला होता, आणि वर चहाही पाजत होता!

हे मी थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, “डोळ्यातला काढला तेव्हा मेले का मी?”

म्हटलं, तो डोळ्यातला पडदा नव्हताच, आतलं भिंग गढूळ झालं होतं. नाव सारखं म्हणून वस्तू सारखी होत नाही. ऐकेल तर ती थोरली कसली. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हा मी तिच्याबरोबर गेले. सगळ्यांसमोर विचारलं, “पडदा विरघळल्यावर पेशीच्या आतलं सगळं धरून कोण ठेवणार? तुम्ही?”

तो हसला. असलं तेलकट हसू मी बाजारात शिळी मच्छी खपवणाऱ्यांच्या तोंडावर पाहिलंय. म्हणाला, “मावशी, हे सायन्स आहे. मच्छीवाल्या बाईच्या डोक्यात नाही शिरायचं.”

माझं विज्ञान थोरलीला पटलं नव्हतं, पण हे लागलं. तिचा जन्म मच्छीच्या पाट्या वाहण्यात गेलेला. ती उठली, पावडरचा डबा त्याच्या टेबलावर आपटला.

“मच्छीवालीचा पैसा गोड लागला, आणि डोकं कडू?” एवढंच बोलली.

घरी येऊन तिनं स्वतःच फ्रीज उघडला. माझ्याकडे न बघता पोटावरचं लुगडं सरकवलं आणि म्हणाली, “टोच. आणि ते दाराचं पुन्हा सांग, पण बारीक आवाजात. शेजारीण ऐकतेय.”